शिस्त धरण्याची तालीम

१८६० सालच्या जुलै महिन्याच्या दुसऱ्या तारखेस लंडननजीकच्या विम्बल्डनच्या माळावर इंग्लंडच्या नॅशनल रायफल असोसिएशनचा पहिला मेळावा भरला, तेव्हा पहिली गोळी झाडण्याचा मान राणी व्हिक्टोरियाला देण्यात आला; आणि राणीचा नेम चुकल्यास समारंभाची शोभा जाईल या धास्तीने म्हणा, किंवा आपल्या मालाची वाहवा व्हावी या धोरणाने म्हणा, जोसेफ व्हिटवर्थ या कारखानदाराने आपली रायफल एका पक्क्या बैठकीत आवळून, चारशे यार्डांवरील लक्ष्याच्या मध्यावर आधीच रोखून ठेवली आणि चापाला बांधलेल्या रेशमी दोरीचे टोक तेवढे राणीच्या हाती दिले. राणीने दोरी ओढली आणि गोळी केंद्रापासून इंच-दीड इंचावर जाऊन बसली. टाळ्या अर्थातच राणीला मिळाल्या. चांगली रायफल आधारावर ठेवली असता काय करू शकते, याचा तो उत्तम दाखला होता. परंतु तीच रायफल बैठकीतून काढून एखाद्या धडधाकट माणसाच्या हाती दिली आणि त्याला उघड्या माळावर उभे केले, तर गोळी कोठे जाईल, हा प्रश्न अगदी निराळा आहे आणि प्रस्तुत लेख त्या प्रश्नापुरताच आहे.

आपल्या भाषेत नेम धरण्याला एक जुना फारसी शब्द आहे: शिस्त. ‘शिस्त धरणे’ म्हणजे बंदुकीची वा बाणाची रेषा लक्ष्याशी जुळवणे. पुढे हा अर्थ मागे पडला आणि शाळामास्तरांच्या छडीशी जोडलेला अर्थ तेवढा उरला. पण लष्करी कवायतीच्या हिंदीत तो अद्याप जिवंत आहे, आणि एन. सी. सी.च्या शिबिरात ‘दुरुस्त शिस्त’ हा शब्द ज्याने उस्तादाच्या तोंडून ऐकला असेल त्याला तो नव्याने सांगावयास नको. एका शब्दाच्या पोटात हे दोन अर्थ एकत्र नांदले याचे मला कॉलेजच्या दिवसांत नवल वाटे; पुढे उभ्याने नेम धरण्याची वेळ आली तेव्हा ते वाटेनासे झाले.

त्या शिबिरात २५ यार्डांवर, पालथे पडून, .२२च्या रायफलीने पाच गोळ्या झाडावयास मिळाल्या होत्या आणि पाचही गोळ्या तळहाताखाली झाकतील इतक्या जवळजवळ पडल्यामुळे मी स्वतःस नेमबाज समजू लागलो होतो. वर्षभराने एका क्लबात हवेच्या दाबावर चालणारी एअर रायफल घेऊन दहा मीटरांवर उभा राहिलो, तेव्हा पहिल्या दहा छऱ्यांपैकी तीन कागदालाच लागले नाहीत, आणि एकाने शेजाऱ्याच्या लक्ष्याचा समाचार घेतला. शेजारी सभ्य होता. त्याने तो छरा आपल्या हिशेबात धरू नये एवढीच विनंती पंचाला केली. जमिनीने मला जे उसने दिले होते ते मी स्वतःचे भांडवल समजत होतो, ही गोष्ट त्या दिवशी ध्यानात आली.

या उसनवारीचा आकडा मांडणे अवघड नाही. ५० मीटरांच्या रायफल स्पर्धेत दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे सदऱ्याच्या गुंडीएवढे असते. रायफलीच्या नळीचे तोंड खांद्यापासून सुमारे एक मीटर अंतरावर असते असे धरले, तर खांदा जागच्या जागी राहून ते तोंड केवळ एक मिलिमीटर सरकले की गोळी लक्ष्यावर ५० मिलिमीटर सरकते, आणि दहाच्या जागी चार गुण पदरी पडतात. पालथे पडलेल्या नेमबाजाच्या नळीचे तोंड इतके सहसा हलत नाही. उभ्या राहिलेल्या नवशिक्याचे मात्र त्याच्या कितीतरी पटीने हलते. बर्फावर स्की घालून धावता धावता मध्येच थांबून नेमबाजी करण्याचा बायथलॉन नावाचा जो खेळ थंड मुलुखांत खेळतात, त्याच्या नियमांनी तर हा फरक लेखी कबूल केला आहे: अंतर दोन्ही वेळा ५० मीटरच, पण पालथ्या नेमासाठी लक्ष्याचा व्यास ४५ मिलिमीटर आणि उभ्यासाठी ११५. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात कांस्यपदक मिळविले, तेव्हा पात्रता फेरीत त्यांचे गुण गुडघ्यावर १९८, पालथे १९७ आणि उभ्याने १९५ असे होते. जगातील अग्रगण्य नेमबाजालाही उभ्या स्थितीने थोडी का होईना पट्टी भरावयास लावली. मग तुम्हांआम्हांला ती सावकारी व्याजाने भरावी लागली तर तक्रार कोणाकडे करावी?

पूर्वी या विद्येचा मुख्य ग्राहक शिकारी असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो धंदा आपल्याकडे बरखास्त केला आणि ते योग्यच झाले. आता रानातल्या स्थितींचा सराव करणारा मनुष्य एकतर फौजेतला किंवा पोलिसांतला, नाहीतर क्रीडा म्हणून रायफल हाती धरणारा असतो. हा क्रीडेचा मार्ग आपल्याकडे १९५१ साली नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाल्यावर रीतसर सुरू झाला. तिचे संस्थापक आणि लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर यांच्या नावाची स्पर्धा आजही नवोदितांना राष्ट्रीय स्पर्धेचे दार उघडून देते. पुण्याच्या बालेवाडीपासून कोल्हापूरपर्यंत रेंज आहेत, शिकविणारे आहेत. तेव्हा पुढे जे सांगावयाचे आहे ते सर्व परवानाधारक रेंजवर, तेथील अधिकाऱ्याच्या नजरेखाली करावयाचे आहे असे समजूनच वाचावे. शेतात, टेकडीवर किंवा गच्चीवर यांतले काहीही करू नये. .२२ची चिमुकली गोळी दीड किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते, आणि वाटेत कोण गुरे चारीत आहे हे तिला ठाऊक नसते. रायफल हाती घेताक्षणी तिचा काडतुसाचा कक्ष उघडून पाहावा, नळीचे तोंड सदैव निर्धोक दिशेला ठेवावे, आणि शिस्त जुळेपर्यंत बोट चापाबाहेर सरळ ठेवावे. हे तीन दस्तूर अंगवळणी पडल्याखेरीज पुढचा परिच्छेद वाचण्याची घाई नको.

आधाराविना नेम धरण्याचे सारे शास्त्र एका गोष्टीत सामावले आहे: वजन पेलण्याचे काम स्नायूंकडून काढून हाडांकडे सोपवावे. स्नायू हा रोजंदारीवरचा मजूर आहे. पहिल्या दहा-वीस सेकंदांत तो जोमाने काम करतो, मग कुरकुरतो, मग थरथरतो, आणि तुम्ही दम दिलात तर अधिकच थरथरतो. हाड थकत नाही. म्हणून स्थिती बरोबर आहे की नाही हे ओळखण्याची सोपी कसोटी अशी की रायफल खांद्याला लावून मिनिटभर राहावे आणि कोणता अवयव प्रथम दुखू लागतो हे पाहावे. जेथे दुखते तेथे हाडाऐवजी स्नायू हमाली करीत आहे असे समजावे.

उभ्या स्थितीपासूनच आरंभ करतो, कारण सर्वांत अधिक सराव तिलाच लागतो आणि सर्वांत कमी तिचाच होतो. पुढील वर्णन उजव्या हाताच्या माणसासाठी आहे. डावखुऱ्यांनी ते आरशात पाहावे. लक्ष्याकडे डावी कूस करून, पाय खांद्याइतक्या रुंदीवर ठेवून उभे राहावे. दोन्ही पायांवर वजन सारखे असावे. आता डावी कंबर किंचित लक्ष्याच्या दिशेने पुढे द्यावी, म्हणजे कमरेचे हाड आपोआप रायफलीच्या खाली येते. डाव्या हाताचे कोपर बरगड्यांशी टेकवून त्या हाडाच्या वर आणावे आणि पंजावर किंवा मिटलेल्या मुठीवर रायफल ठेवावी. कोपर कमरेवर, कंबर पायावर आणि पाय धरित्रीवर, अशी ही हाडांची उतरंड झाली. रायफलीचे वजन पुढे ओढते, म्हणून पाठीचा वरचा भाग थोडा मागे व उजवीकडे कलता ठेवावा लागतो. प्रथम हे फार अवघडल्यासारखे वाटते, आणि कण्याचा विकार असणाऱ्याने वैद्याला विचारल्याखेरीज ते करूही नये. मान मात्र ताठ. नवशिका हटकून मान वाकवून गाल दस्त्याकडे नेतो, त्यामुळे कानातला तोल ढळतो आणि डोळा कडेने पाहू लागतो. रायफलीने वर येऊन गालाला भेटावे, गालाने खाली जाऊ नये.

रेंजवर जाड कॅनव्हासचे ताठ जाकीट घालण्याची मुभा असते आणि ते पाठीला बराच हात देते. परंतु ज्याला मोकळ्या मैदानातील नेम साधावयाचा आहे त्याने आठवड्यातून एकदा तरी साध्या सदऱ्यावर सराव करावा. मैदानात कोपर कमरेवर टेकवावयास सवड मिळेलच असे नाही. तेव्हा डावा हात थोडा पुढे नेऊन, रायफलीचा पट्टा दंडाभोवती एक वळसा देऊन आवळावा आणि दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट घ्यावा लागतो. यात अचूकता थोडी जाते, वेळ वाचतो. स्पर्धेत उभ्या स्थितीला पट्टा वर्ज्य आहे, हेही येथेच नमूद करून ठेवतो. नाहीतर एखादा सरळमार्गी वाचक पट्टा आवळून स्पर्धेत उभा राहावयाचा आणि बाद व्हावयाचा.

गुडघ्यावरची स्थिती ही मधली चाल आहे. उजवा पाय दुमडून टाचेवर बसावे; रेंजवर घोट्याखाली घेण्यासाठी लोडासारखी लहान गोल उशी मिळते, मैदानात ती नसते, म्हणून बोटे दुमडून टाचेवर बसण्याची सवय करावी. डावी नडगी उभी ठेवावी. डावे कोपर गुडघ्याच्या वाटीवर कधीही ठेवू नये. कोपराचे टोक आणि गुडघ्याची वाटी ही दोन्ही गोल हाडे. गोट्यावर गोटा ठेवल्यासारखे ती घसरत राहतात. कोपराच्या किंचित वरचा, दंडाचा सपाट भाग गुडघ्याला भिडवावा, म्हणजे मांस आणि हाड यांची सांगड बसते. शरीराचे बहुतेक वजन टाचेवर असावे. पुढच्या गुडघ्यावर रेलणाऱ्याची नळी श्वासागणिक मान डोलावते.

बसून नेम धरण्याच्या बाबतीत एक गंमत सांगण्यासारखी आहे. पाश्चात्त्य पुस्तकांत मांडी घालून बसावे कसे, पाय कोणता आत नि कोणता बाहेर, हे समजाविण्यासाठी आकृत्यांसह पाने खर्ची घातलेली असतात. ज्या समाजाने हजारो वर्षे पाटावर बसून जेवण केले त्याला हा धडा आयता पाठ आहे, निदान जेवणाचे टेबल घरात येईपर्यंत तरी होता. मांडी घालून, लक्ष्याच्या रेषेपासून थोडे उजवीकडे वळून बसावे, दोन्ही कोपरे गुडघ्यांच्या आतील खोलगटीत रोवावी, की पालथ्या स्थितीच्या खालोखाल भक्कम अशी बैठक तयार होते. हीच गोष्ट उकिडवे बसण्याची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील अमेरिकी लष्करी पुस्तिकांत उकिडवी स्थिती स्वतंत्रपणे शिकविलेली आढळते, कारण चिखलात, ओल्या गवतात किंवा काट्याकुट्यांत बसण्या-पडण्याची सोय नसते. टाचा जमिनीला पूर्ण टेकवून उकिडवे बसणे हे त्या शिपायांना महाकठीण जाई. आपल्याकडे खुरपणी करणारी कोणतीही बाई ते दिवसभर करील. ज्या वाचकाला खुर्चीने हे विसरावयास लावले असेल त्याने रोज सकाळी दोन-दोन मिनिटे रायफलीशिवायच उकिडवे बसावे. नेम सुधारेल तेव्हा सुधारेल, घोटे आधी सुधारतील.

पालथ्या स्थितीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून थोडक्यात आवरतो. डावे कोपर शक्य तितके रायफलीच्या खाली, उजवा गुडघा थोडा वर ओढून पोट जमिनीपासून उचललेले, आणि पट्टा दंडावर उंच घेतलेला, एवढे पथ्य पाळले की निम्मे काम होते. पट्टा दंडाच्या आतल्या बाजूच्या धमनीवर बसला तर नाडीचा प्रत्येक ठोका नळीच्या तोंडावर दिसतो. असे दिसल्यास पट्टा फिरवून बाहेरच्या बाजूने घ्यावा.

स्थिती घेतली म्हणजे नेम लागला असे नव्हे. शरीराचा स्वतःचा एक रोख असतो. तुम्ही सैल पडलात की रायफल ज्या दिशेला आपण होऊन पाहते तो. तो रोख लक्ष्यावर नसेल आणि तुम्ही हातांनी ढकलून नळी लक्ष्यावर आणलीत, तर चाप सुटण्याच्या क्षणी स्नायू आपले म्हणणे खरे करतात आणि गोळी मूळ दिशेला जाते. म्हणून स्थिती घ्यावी, शिस्त धरावी, डोळे मिटावे, दोन श्वास सावकाश घ्यावे आणि सोडावे, मग डोळे उघडावे. पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, लक्ष्याच्या डावीकडे दिसली तर हाताने दुरुस्ती करण्याचा मोह टाळून संपूर्ण शरीर फिरवावे: उभ्याने असल्यास मागचे पाऊल किंचित सरकवावे, गुडघ्यावर असल्यास पुढच्या पावलाभोवती आणि पालथे असल्यास डाव्या कोपराभोवती सारे अंग वळवावे. मग पुन्हा डोळे मिटावे. माझ्या पाहण्यातील दहांपैकी नऊ नवशिके ही पायरी गाळतात, कारण डोळे मिटून नेम धरणे त्यांना वेडेपणाचे वाटते.

आता चापाकडे वळू. आधाराविना धरलेली रायफल कधीही स्थिर नसते, ही गोष्ट प्रथम मनाशी कबूल करावी. माशी लक्ष्याभोवती आडव्या आठाच्या आकड्यासारखी फिरत असते; मुरलेल्या नेमबाजाचा आठ लहान असतो, नवशिक्याचा मोठा, पण आठ असतोच. नवशिका काय करतो? माशी मध्यावरून जाताना दिसली की ‘आता!’ म्हणून चाप झटकतो. त्या झटक्याने नळी हलते, आणि शिवाय मेंदूचा हुकूम बोटापर्यंत पोहोचेतो माशी पुढे निघून गेलेली असते. यावर उपाय एकच, की आठ जेव्हा सर्वांत लहान असेल त्या दोन-तीन सेकंदांत बोटाचा दाब अखंड वाढवीत जावे आणि गोळी नेमकी केव्हा सुटते याची बोटाला खबर लागू देऊ नये. श्वास अर्धा सोडून थांबावे. पाच ते आठ सेकंदांत गोळी सुटली तर उत्तम. दहा सेकंद झाले आणि सुटली नाही तर रायफल खाली घ्यावी. न झाडलेल्या गोळीचा कोणाला दंड पडत नाही, तरी ही खाली घेण्याची लाज नवशिक्याला इतकी वाटते की तो डोळ्यांसमोर अंधारी येईपर्यंत नेम धरून बसतो आणि अखेर कंटाळून चाप ओढतो.

आमच्या शिबिरातले हवालदार उस्ताद हे शिकविण्यासाठी एक नाणे वापरीत. रिकामी रायफल धरलेल्या मुलाच्या नळीवर, तोंडापाशी, ते खिशातले जुने पाच पैशांचे अॅल्युमिनियमचे नाणे हलक्या हाताने ठेवीत आणि ‘अब दबाओ’ म्हणून दोन पावले मागे सरत. चाप खट् वाजला आणि नाणे जागेवर राहिले तर काही बोलत नसत. पडले तर स्वतः वाकून उचलीत, धूळ सदऱ्याला पुसून पुन्हा ठेवीत. रागावले असते तर परवडले असते. पन्नाशीचा तो मनुष्य आपल्यासाठी विसाव्यांदा वाकतो आहे हे पाहून बोट आपोआप हळू होऊ लागे. सलग दहा वेळा नाणे टिकल्याखेरीज ते काडतुसांच्या पेटीला हात लावू देत नसत, आणि त्या शिबिरात पाच गोळ्या कशाबशा वाट्याला येणाऱ्या आम्हा मुलांना ते अन्यायाचे वाटे. आज माझे मत असे आहे की आधाराविना नेम धरण्याच्या विद्येतील बाराआणे भाग विनागोळीचाच आहे.

हा विनागोळीचा सराव घरी करता येतो, मात्र काही तजवीज अवश्य करावी. काडतुसे किंवा छरे दुसऱ्या खोलीत, कुलपात ठेवावे. कक्ष उघडून डोळ्यांनी पाहावा आणि बोटाने चाचपावा. समोर पक्की भिंत असावी, खिडकी किंवा पडदी नको. आणि सराव संपला की तो संपला, ‘शेवटचे एकदा’ म्हणून रायफल पुन्हा उचलू नये, कारण अपघात याच एकदामध्ये घडतात. .२२च्या रायफलीत काडतूस नसताना घोडा पडला तर त्याची सुई कक्षाच्या कडेवर आपटून ती खराब होण्याची भीती असते. म्हणून खोटे काडतूस घालावे, किंवा स्पर्धेच्या रायफलींत असते तशी कोऱ्या सरावाची कळ असल्यास ती वापरावी. भिंतीवर मोहरीच्या दाण्याएवढा काळा ठिपका काढावा आणि तीन-चार मीटरांवरून वीस मिनिटे सराव करावा. त्यापेक्षा अधिक नको. थकलेला मनुष्य थकव्याचाच सराव करतो. त्या वीस मिनिटांत चापाच्या प्रत्येक खटक्यानंतर दोन सेकंद तसेच राहून, खटक्याच्या क्षणी माशी कोठे होती हे मनाशी उच्चारावे: ‘किंचित उजवीकडे’, ‘खाली’, ‘मध्ये’. ही सवय रेंजवर सोन्यासारखी उपयोगी पडते. गोळी झाडल्यावर दुर्बिणीकडे धावण्यापूर्वी ती कोठे गेली असेल हे सांगता आले आणि ते खरे निघाले, तर चूक हातची आहे आणि ती दुरुस्त होईल. सांगितले एक आणि लागले दुसरीकडे असे वारंवार झाले, तर एकतर रायफलीचे साइट सरकले आहे, नाहीतर तुम्ही बार उडताना डोळे मिटत आहात. हे दुसरे निदान कोणालाच आवडत नाही. खात्री करावयाची असल्यास मित्राला सांगून चार खऱ्या काडतुसांत दोन खोटी बेमालूम मिसळून घ्यावी. खोट्या काडतुसावर नळीने खाली डुबकी मारली की कबुलीजबाब आपोआप मिळतो.

मैदानी नेमाला आणखी एक गोष्ट हवी, ती म्हणजे धापा टाकीत असताना नेम धरण्याची सवय. रेंजच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने, रायफल रिकामी करून जागेवर ठेवून, दोनशे मीटर धावत जाऊन यावे किंवा वीस बैठका माराव्या, आणि परत येऊन गुडघ्यावर पाच व उभ्याने पाच गोळ्या झाडाव्या. भरलेली किंवा रिकामी, रायफल हाती घेऊन धावू नये. ते कौशल्य फौजेच्या देखरेखीत शिकावयाचे आहे. धाप लागली असता श्वास रोखून धरण्याचा प्रयत्न व्यर्थ ठरतो. दोन-तीन खोल श्वास सोडून द्यावे आणि श्वास बाहेर गेल्यानंतरचा जो क्षणभराचा विसावा असतो त्यात गोळी सोडावी. पहिल्या दिवशी निकाल पाहून हसू येईल. महिन्याभरात शरीर स्वतःच तो विसावा शोधू लागते.

सरतेशेवटी जमाखर्चाविषयी. शंभर पानी वही करावी आणि प्रत्येक दिवसाची हजेरी तीत मांडावी: तारीख, स्थिती, अंतर, वारा कोणत्या बाजूचा, किती गोळ्या, आणि पाच गोळ्यांचा पसारा टोकापासून टोकापर्यंत किती मिलिमीटर. सर्वांत चांगला कागद भिंतीला लावून बाकीचे फाडून टाकण्याची वहिवाट फार पसरली आहे, ती सोडावी. वाईट कागदच बोलका असतो. पसारा आडवा असेल तर पायांची ठेवण किंवा शरीराचा रोख चुकला आहे; उभा असेल तर श्वास किंवा गालाची जागा; आणि चार एकत्र व एक दूर असा असेल तर त्या एका गोळीच्या वेळी तुम्ही रायफल खाली घ्यावयास हवी होती. चाळीस गोळ्या हाताशी असतील तर वीस उभ्याने, दहा गुडघ्यावर, पाच बसून आणि पाचच पालथे झाडाव्या. बहुतेक लोक हे प्रमाण उलटे ठेवतात, कारण पालथ्या गोळ्या मनाला सुख देतात.

आरंभी लक्ष्य मोठे घ्यावे. बायथलॉनवाल्यांनी उभ्यासाठी जो ११५ मिलिमीटरचा व्यास ठरविला आहे, तेवढी पुठ्ठ्याची काळी चकती कापून २५ मीटरांवर लावावी आणि उभ्याने दहा गोळ्या झाडाव्या. तीन निरनिराळ्या दिवशी दहांपैकी आठ लागल्या आणि तिन्ही दिवसांची नोंद वहीत असली, तर चकती तीच ठेवून ५० मीटरांवर न्यावी. नसतील लागल्या, तर पुढच्या आठवड्यात काडतुसांचे पैसे वाचवून पुन्हा नाण्याकडे वळावे.